कोल्हा पाठीमागे असतो

रविवारी सकाळी साडेसातला नाशिकच्या पांडवलेण्याच्या पायथ्याशी, झाडीत, आम्ही एक कोल्हा लपवून ठेवला होता. कोल्हा म्हणजे साबणाच्या डबीत मावेल एवढा रेडिओ प्रक्षेपक, दर काही सेकंदांनी ‘टीं’ असा सूर सोडणारा. हातात रेडिओ घेऊन तो शोधून काढायचा, हा हॅम रेडिओवाल्यांचा, म्हणजे परवाना काढून हौसेने रेडिओवर बोलणाऱ्यांचा, जुना खेळ जगभर चालतो आणि त्याला कोल्ह्याची शिकारच म्हणतात. माझी सातवीतली भाची आणि तिच्या पाच मैत्रिणी, दोघींत एक हँडी, म्हणजे हातात मावणारा रेडिओ. प्रक्षेपण माझ्या परवान्यावर, शोध त्यांचा.

पाच मिनिटांत तक्रार आली. “मामा, सगळीकडून सारखाच आवाज येतोय!”

बरोबर होतं तिचं. हँडीची आखूड रबरी अँटेना उभी धरली की चहूबाजूंनी सारखंच ऐकते. तिला दिशा कळत नाही. मग मी त्यांना युक्ती दाखवली. हँडी छातीशी घट्ट धरायचा आणि जागच्या जागी सावकाश गिरकी घ्यायची. आपलं शरीर म्हणजे बरंचसं खारं पाणी, आणि या वारंवारितेच्या लहरी ते चांगल्याच शोषतं. एका ठिकाणी पडद्यावरच्या, सिग्नलचा जोर दाखवणाऱ्या दांड्या खाली येतात, खरखर वाढते. तिथे थांबायचं. कोल्हा तुमच्या बरोब्बर पाठीमागे असतो! ज्या बाजूला तोंड केल्यावर सगळ्यात कमी ऐकू येतं, तिच्या बरोबर उलट दिशेला चालायचं, हे पहिल्यांदा कुणालाच पटत नाही.

तिसऱ्या जोडीने हात केला तो थेट डोंगराच्या कातळाकडे. दोघी ठाम होत्या. गिरकी त्यांनी अगदी नीट घेतली होती आणि त्यांचा रेडिओही खोटं बोलत नव्हता. कोल्ह्यापासूनची सरळ वाट झाडीने आणि उंचवट्याने अडवली होती, आणि कातळावर आपटून परतलेली लहर त्यांच्यापर्यंत जास्त जोरात पोहोचत होती. घाटात हाक मारली की समोरच्या कड्यातून उत्तर येतं, तसंच हे. “पन्नास पावलं बाजूला जा आणि पुन्हा बघा,” एवढंच मी म्हणालो. त्यांनी नव्या जागेवरून रेघ काढली, मग आणखी एका जागेवरून. दोन रेघा एकमेकींना छेदत होत्या तिथे करवंदीची जाळी होती. जवळ गेल्यावर मीटर गच्च भरला, दिशाच कळेना. तेव्हा भाचीने स्वतःहून अँटेना काढून टाकली. रेडिओ मुद्दाम बहिरा करायचा, म्हणजे जवळचं नीट ऐकू येतं. डबी सापडली.

मुलांना हॅम रेडिओची ओळख करून देताना बरेच जण परीक्षेचं पुस्तक आधी पुढे करतात. मला ते पटत नाही. परावर्तन, शोषण, दिशा हे शब्द त्या सकाळी कुणी उच्चारलेही नाहीत, पण सहाही मुलींना ते अंगाने कळले. पुस्तक नंतर येऊ द्या.

पालकांचा प्रश्न ठरलेला असतो: मोबाइल असताना हे कशाला? मोबाइल समोरच्याशी थेट बोलत नाही, तो टॉवरशी बोलतो, आणि एका टॉवरला एका वेळी ठरावीकच लोक सांभाळता येतात. सिंहस्थात पर्वणीच्या दिवशी रामकुंडाच्या आसपास फोन लावून पाहिलेल्या नाशिककराला हे वेगळं सांगायला नको. दोन हँडी एकमेकांशी सरळ बोलतात. सपाटीवर उभ्या दोन माणसांना मोकळ्या मैदानातही दहाएक किलोमीटर मिळतात, पण शंभर मीटर उंच टेकडीवरून रेडिओचं क्षितिज चाळीस किलोमीटरवर जातं. आणि टेकड्यांची नाशिकला काय वाण! डिसेंबर २००४ मध्ये भारतीय हॅमांचा एक गट पोर्ट ब्लेअरला होता. २६ तारखेला त्सुनामी आली, दूरध्वनी बंद पडले आणि माणसांच्या खुशालीचे निरोप याच हौशी रेडिओवरून बेटांबाहेर गेले.

बोलायचं असेल तर परवाना हवाच. केंद्र सरकारच्या दूरसंचार खात्याची परीक्षा वयाच्या १२ व्या वर्षापासून देता येते. परवान्याच्या रिस्ट्रिक्टेड श्रेणीला मोर्स, म्हणजे ठिपके आणि रेघांची सांकेतिक लिपी, लागत नाही, जनरल श्रेणीला मिनिटाला आठ शब्दांच्या वेगाने लागतो. पण मोर्स मुलांना परीक्षेविनाही आवडतो. ‘नाशिक’ इंग्रजी अक्षरांत वाजवून दाखवा, ‘डि’ किंवा ‘डिट’ म्हणजे ठिपका, ‘डा’ म्हणजे रेघ: डा-डिट, डि-डा, डि-डि-डिट, डि-डि-डि-डिट, डि-डिट, डा-डि-डा. मधले तीन आणि चार ठिपके मोजताना सगळे गोंधळतात. मोजू नका, ताल ऐका, असं सांगितलं की जमतं. जुलै २०२५ मध्ये शुभांशु शुक्ला अंतराळस्थानकातून भारतीय शाळकरी मुलांशी बोलले, तेही हॅम रेडिओवरून. हे सांगितल्यावर भाचीने पहिला प्रश्न विचारला तो अँटेनाच्या लांबीचा. तरंगलांबीच्या पाव भागाहून जराशी कमी, मी म्हणालो. १४५ मेगाहर्ट्झला साधारण ४९ सेंटिमीटर. तिने मोजपट्टी आणली.

त्याच संध्याकाळी आम्ही गच्चीवर जुना मीडियम वेव्ह रेडिओ घेऊन बसलो. उजेड होता तोवर जवळचं एखादं केंद्र, बाकी खरखर. जमिनीपासून ६० ते ९० किलोमीटरवर हवेचा एक थर असतो, त्याला डी थर म्हणतात. दिवसा ऊन त्याच्यातले इलेक्ट्रॉन मोकळे करत राहतं आणि तो या लहरी गिळून टाकतो. ऊन गेलं की ते इलेक्ट्रॉन पुन्हा अणुरेणूंना चिकटतात, थर विरतो, आणि लहरी आणखी वर पोहोचून तिथल्या थरावरून शेकडो किलोमीटर दूर उतरतात.

दिवेलागण झाली. भाची चकती अगदी केसभर फिरवत होती. खरखरीतून एक बाई तमिळमध्ये बोलताना ऐकू आली, बुडाली, पुन्हा वर आली. थोडं पुढे कुठलंसं अरबी गाणं. तिने रेडिओ खाली ठेवला आणि काळवंडत चाललेल्या आभाळाकडे पाहिलं.

“मामा, गेला वाटतं डी थर.”