सन्मानपत्र आणि केंद्राचं वार्तापत्र: छापायला देण्यापूर्वी

मुख्याध्यापक, केंद्रप्रमुख (केंद्र म्हणजे आसपासच्या शाळांचा गट), शाळा व्यवस्थापन समितीचे सदस्य आणि शिक्षक संघटनांचे पदाधिकारी यांच्यासाठी आमच्या छापखान्याकडून

वर्षातून दोनदा आमच्या काउंटरवर शाळांची झुंबड उडते. ऑगस्टच्या अखेरची झुंबड अर्थातच शिक्षक दिनाची. डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांचा जन्मदिवस, ५ सप्टेंबर, १९६२ पासून शिक्षक दिन म्हणून साजरा होतो आणि त्या दिवशी जिल्हा परिषदेपासून गावातल्या तरुण मंडळापर्यंत सगळ्यांनाच शाल-श्रीफळ आठवतं. दुसरी झुंबड मेच्या शेवटच्या आठवड्यात. तिचं कारण शाळेतल्या माणसाला सांगायला नको. पूर्वी मूल शाळेत घालताना जन्मतारीख घरात कुणालाच ठाऊक नसायची, मग गुरुजी दाखलखारिजात, म्हणजे प्रवेशाच्या नोंदवहीत, १ जून लिहून मोकळे व्हायचे. महिन्याच्या एक तारखेला जन्मलेला कर्मचारी आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो. त्यामुळे ३१ मे म्हणजे तालुक्याचा सेवापूर्ती दिनच.

या दोन्ही वेळी लोक धावतपळत येतात, मजकूर तोंडी सांगतात आणि ‘तुम्हीच छान काहीतरी लिहा’ म्हणून जातात. आम्ही लिहितो. पण त्या गुरुजींना आम्ही ओळखत नसतो, त्यामुळे जे ‘छान’ उतरतं ते कुणालाही लागू पडेल असं असतं. ते टाळण्यासाठी हे पत्रक काढलं आहे. दर इथे दिलेले नाहीत, दरपत्रक वेगळं आहे, मागून घ्या.

मानपत्रात काय असावं

‘आपण हाडाचे शिक्षक, उपक्रमशील, विद्यार्थीप्रिय, मनमिळाऊ आणि ध्येयवादी व्यक्तिमत्त्व आहात.’ हे वाक्य आमच्या संगणकात कायमचं साठवलेलं आहे. नाव बदललं की मानपत्र तयार. पाच मिनिटांचं काम, आमचा फायदाही आहे. पण सभागृहात ते वाचलं जातं तेव्हा मागच्या रांगेतले सहकारी मोबाइल काढतात, आणि सत्कारमूर्तींना घरी गेल्यावर नातवाला दाखवायला त्यात काही सापडत नाही.

त्याऐवजी एकच घटना, एकच काम घ्या आणि ते कसं केलं ते लिहा. नमुन्यादाखल आम्ही रचलेला मजकूर असा:

‘आपण शाळेत रुजू झालात तेव्हा तिसरीतल्या मुलांना हातच्याची वजाबाकी डोक्यावरून जात होती. आपण खराट्याच्या काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे बांधून प्रत्येक मुलाच्या हातात दिलेत. बावन्नातून सतरा काढताना सुट्ट्या दोन काड्या पुरत नाहीत म्हटल्यावर मुलं आपणहून एका गठ्ठ्याचा दोरा सोडू लागली. हातचा म्हणजे काय हे त्यांना फळ्यावर सांगावंच लागलं नाही. आज केंद्रातल्या इतर शाळाही हेच गठ्ठे वापरतात.’

यात एकही विशेषण नाही, तरीही बाई कशा शिकवतात ते ऐकणाऱ्याला कळतं. शिवाय सभागृहात बसलेल्या दुसऱ्या शाळेतल्या शिक्षकाला उद्या वर्गात करून बघण्यासारखं काही मिळतं. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले यांना २०२० मध्ये ग्लोबल टीचर प्राइज मिळालं, तेव्हाही लोकांच्या लक्षात राहिलं ते हेच, की या गुरुजींनी पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड आणले. आणि दुसरं लक्षात राहिलं ते हे, की दहा लाख डॉलरच्या बक्षिसातली अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांना वाटून दिली. ‘ध्येयवादी’ हा शब्द कुणाला आठवत नाही.

लांबी सव्वाशे ते दीडशे शब्दांपेक्षा जास्त नको. मोठ्याने वाचायला साधारण दीड मिनिट लागतं, आणि ए४ कागदावर अक्षर वयस्कर माणसाला चष्म्याशिवाय वाचता येईल एवढं ठेवता येतं. सत्कारमूर्तींचं नाव त्यांच्या सेवापुस्तकात आहे तसं लिहून आणा. आडनावातली वेलांटी चुकलेलं मानपत्र भिंतीवर लागत नाही.

कुणाचा सन्मान करावा

हे सांगणारे आम्ही कोण, असं वाटेल. पण इतकी मानपत्रं हाताखालून गेली की काही गोष्टी दिसतात.

मोठ्या पुरस्कारांसाठी प्रस्ताव द्यावा लागतो. राष्ट्रीय शिक्षक पुरस्कार १९५८ पासून दिला जातो आणि २०१८ पासून त्यासाठी शिक्षकाने स्वतःच ऑनलाइन अर्ज करायचा असतो. राज्याच्या, क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांच्या नावाच्या पुरस्कारासाठी आणि जिल्हा परिषदेच्या आदर्श शिक्षक पुरस्कारासाठीही फाइल करावी लागते. त्या जाडजूड फायलींच्या रंगीत झेरॉक्स आणि स्पायरल बाइंडिंग आमच्याकडेच होतं, तेव्हा तक्रार करायला आम्हाला तोंड नाही. पण स्वतःबद्दल फाइल बनवणं ज्याला जमत नाही किंवा लाजिरवाणं वाटतं, तो चांगला शिक्षक या वाटेला जातच नाही. म्हणून केंद्रपातळीवरचा सन्मान बिनप्रस्तावाचा ठेवा. केंद्रातल्या शिक्षकांच्या मासिक बैठकीत, म्हणजे शिक्षण परिषदेत, प्रत्येक शाळेने दुसऱ्या शाळेतल्या एका माणसाचं नाव आणि एक वाक्याचं कारण चिठ्ठीवर लिहून द्यायचं. स्वतःच्या शाळेचं नाव चालणार नाही, एवढाच नियम.

आणि नुसते शिक्षक नकोत. पोषण आहार शिजवणाऱ्या ताईंचं मानधन तुटपुंजं असतं, पण दोन दिवस कोणतं पोर ताटावर नीट बसलं नाही हे वर्गशिक्षकाच्या आधी त्यांना कळतं. हायस्कूलमधले परिचर, लिपिक, प्रयोगशाळा सहायक, वाड्यावस्त्यांवरून मुलं आणणारे रिक्षावाले काका, अंगणवाडीच्या सेविका-मदतनीस यांच्यासाठी आमच्याकडे क्वचितच मानपत्राची ऑर्डर येते. आली तर शाल असते, कागद नसतो. शाल पेटीत जाते. ३ जानेवारीला, सावित्रीबाईंच्या जयंतीला, स्वयंपाकी ताईंना मानपत्र द्यायचं ठरवलंत तर आमचं टायपिंग त्या दिवसासाठी मोफत असेल.

त्यांचं मानपत्रही विशेषणांचं नको. उदाहरणार्थ: ‘चुलीवरून गॅसवर येताना खिचडी बुडाशी लागू नये म्हणून आपण तांदूळ आणि डाळ वेगवेगळी शिजवून बघितलीत, आणि मुलांनी पहिल्यांदा भांडं पुसून खाल्लं.’

केंद्राचं वार्तापत्र

आता दुसरं काम. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप प्रत्येक केंद्राचा आहे, मग कागद कशाला, हा प्रश्न रास्त आहे. ग्रुपवर सकाळी एखाद्या शाळेने परसबागेचा फोटो टाकला तर दुपारपर्यंत त्यावर चाळीस ‘हार्दिक अभिनंदन’ आणि बिनआवाजाच्या टाळ्या जमतात, संध्याकाळी तातडीची माहिती मागवणारं पत्र येतं आणि परसबाग वर सरकते ती कायमचीच. त्या परसबागेला पाणी कुठून आणलं हे कुणी विचारलेलं नसतं. पालक तर त्या ग्रुपमध्ये नसतातच.

महिन्याच्या शिक्षण परिषदेत वाटता येईल असं चार पानी वार्तापत्र आम्ही सुचवतो. ए३ कागदाला मधोमध घडी घातली की ए४ ची चार पानं मिळतात. स्टेपल नको, शिवण नको. यापेक्षा मोठं करायचं तर पानं चारच्या पटीतच वाढतात, म्हणजे पाच पानांचा मजकूर असेल तर एक तर कापा नाही तर आठ पानं भरा. कापा, असाच आमचा सल्ला.

पहिल्या पानावर एका शाळेतलं एक काम सविस्तर. काय केलं, किती दिवस लागले, पैसे कुठून आले, काय फसलं. हे ‘काय फसलं’ वाचायला दुसऱ्या शाळा सगळ्यात उत्सुक असतात आणि तेच बहुतेक वेळा लिहून येत नाही. आतल्या पानांवर शिष्यवृत्ती, एनएमएमएस (आठवीची राष्ट्रीय शिष्यवृत्ती परीक्षा) आणि नवोदय विद्यालयाच्या प्रवेश परीक्षेच्या तारखा व निकाल, क्रीडा स्पर्धा, ऑनलाइन बदल्यांत केंद्रात नव्याने आलेल्या शिक्षकांची ओळख. बदलून आलेल्या माणसाला पहिले सहा महिने शेजारच्या शाळेतलं कुणी ओळखत नाही. फोटो, गाव, शिकवायला आवडणारा विषय आणि एखादा छंद, एवढ्या चार ओळींनी खूप काम होतं. पेटी वाजवणाऱ्या गुरुजींना स्नेहसंमेलनाची बोलावणी यायला लागतात, ही तक्रार नंतर आमच्याकडे आणू नका.

शेवटच्या पानावर ‘आमच्याकडे आहे, आम्हाला हवं आहे’ असं सदर ठेवा. एका शाळेत लेझीमच्या जोड्या धूळ खात असतात आणि चार किलोमीटरवरची शाळा वर्गणी काढून नवीन घेत असते. वस्तू महिनाभर उसनी द्यायची की कायमची, ते मात्र आधी ठरवा. कायमची द्यायची तर डेडस्टॉक रजिस्टर, म्हणजे शाळेच्या वस्तूंची नोंदवही, आडवं येतं, हे तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त माहीत आहे.

मान्यवरांचे फोटो हा नाजूक विषय. उद्घाटनाला आलेल्या सगळ्या पाहुण्यांचे गोल कापलेले फोटो पहिल्या पानावर लावले की शाळेसाठी उरते ती तळाची पट्टी. आम्ही सांगाल तसं लावून देऊ, गिऱ्हाईक म्हणजे गिऱ्हाईक. पण पाहुण्यांची नावं बातमीच्या शेवटच्या ओळीत घेतली तरी कुणी रुसत नाही, असा आमचा अनुभव आहे. निवडणुकीची आचारसंहिता लागू असेल तर लोकप्रतिनिधींचे फोटो असलेला अंक छापायला घेण्यापूर्वी गटशिक्षणाधिकाऱ्यांना विचारून या.

मुलांचे फोटो आणि नावं

शाळेच्या वार्तापत्रात मुलं असणारच. पण अंक छापून झाला की त्याची पीडीएफही फिरते, आणि मग ती कुठवर जाईल याचा भरवसा नाही. डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी २०२३ मध्ये झालेला कायदा अठरा वर्षांखालच्या प्रत्येकाला बालक मानतो आणि बालकाच्या माहितीसाठी पालकांची संमती अपेक्षित धरतो. जूनमध्ये प्रवेशाच्या वेळीच पालकांकडून एका ओळीचं संमतीपत्र घेऊन ठेवलं तर वर्षभर प्रश्न नाही. फोटोखाली मुलाचं नाव आणि इयत्ता पुरे. वडिलांचा फोन नंबर, आधार, घरचा पत्ता अशा गोष्टी आलेल्या मजकुरात दिसल्या तर आम्ही न विचारता काढून टाकतो.

एक गोष्ट मात्र आम्ही कुणीही सांगितलं तरी छापत नाही. बालगृहातून शाळेत येणाऱ्या, किंवा काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख उघड करणं बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ७४ नुसार गुन्हा आहे. त्यात नाव आणि फोटोच नव्हे, शाळेचं नावही येतं. ‘निराधार मुलाला गणवेश वाटप’ अशी बातमी हौसेने पाठवली जाते. देणाऱ्याचं नाव आणि गणवेशांची संख्या छापू, मुलाचा चेहरा नाही.

मजकूर आणि फोटो कसे पाठवायचे

मजकूर युनिकोडमध्ये टाइप करून पाठवा. मोबाइलवर टाइप केलेला चालतो, तो युनिकोडच असतो. श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये केलेली जुनी फाइल असेल तर सोबत फॉन्टचं नाव लिहा, नाही तर आमच्याकडे ती उघडल्यावर इंग्रजी अक्षरांची रांगोळी दिसते. हाताने लिहिलेला कागदही घेतो, फक्त कागदाच्या एकाच बाजूला लिहा. अक्षर आम्ही मराठी वळणाचं लावतो, म्हणजे पाकळीचा ल आणि देठाचा श. शासनानेही २०२२ मध्ये हेच वळण ठरवून दिलं आहे आणि पहिलीची मुलं तेच गिरवतात. संगणकावरचे काही फॉन्ट हिंदी वळणाचे असतात. घरी बघताना ल वेगळा दिसला तर घाबरू नका.

फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर नुसता पाठवला की तो आकसतो. पडद्यावर चांगला दिसतो, कागदावर चेहरे धुरकट येतात. तोच फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, मूळ आकारात येतो. ग्रुपवरून फिरून आलेला फोटो नको, ज्याने काढला त्याच्या मोबाइलमधून हवा. आणि सत्काराचा फोटो काढताना सगळ्यांनी कॅमेऱ्याकडे बघत शाल धरून उभं राहण्याऐवजी, त्या शिक्षकाचा वर्गात मुलांबरोबरचा एखादा फोटो द्या.

कागद आणि चिन्हं

वार्तापत्राला ७० किंवा ८० जीएसएमचा (एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) मॅपलिथो, म्हणजे साधा बिनचकाकीचा कागद, पुरतो. आर्ट पेपर चकचकीत दिसतो, पण ट्यूबलाइटखाली वाचताना चमकतो आणि त्यावर शाईच्या पेनाने काही लिहिता येत नाही. मानपत्राला ३०० जीएसएमचा कार्ड. लॅमिनेशन करणार असाल तर सह्या आधी करून घ्या. अंकाच्या प्रती कमी असतील तर डिजिटल छपाई परवडते, हजाराच्या घरात गेलात तर ऑफसेट. सन्मानचिन्हं अ‍ॅक्रिलिकची आणि लाकडी अशी दोन्ही ठेवतो. लाकडावर लेसरने कोरलेलं नाव पुसलं जात नाही, चिकटवलेली पट्टी दोन पावसाळ्यांनी सुटते.

कोटेशन, प्रूफ आणि वाटप

कोटेशन शाळेच्या नावाने, शिक्क्यासह, त्याच दिवशी मिळेल. तीन कोटेशन लागत असतील तर आमचं एक आमच्याकडून न्या, बाकीची दोन बाजारातून आणा. तिन्ही आम्हीच द्यावीत अशी विनंती करू नका.

प्रूफ मोबाइलवर पाठवतो, पण मानपत्राचं प्रूफ कागदावरच बघून सही करा, आणि शक्यतो मजकूर लिहिणाऱ्याने नव्हे तर दुसऱ्या कुणीतरी वाचा. सही झाल्यावर सापडलेल्या चुकीची दुसरी प्रत अर्ध्या दरात, आमची चूक असेल तर फुकट. ५ सप्टेंबरच्या कामाचा मजकूर २५ ऑगस्टपर्यंत, ३१ मेच्या कामाचा २० मेपर्यंत द्या. वार्तापत्राला शिक्षण परिषदेच्या आधी चार दिवस पुरतात.

अंकाचे गठ्ठे आम्ही शाळानिहाय बांधतो आणि वर शाळेचं नाव व प्रतींची संख्या लिहितो. प्रतींची संख्या सांगताना शिक्षकांबरोबर व्यवस्थापन समितीचे सदस्य, ग्रामपंचायत, वाचनालय, स्वयंपाकी ताई यांच्या प्रती धरा, आणि एक जादा प्रत शाळेच्या सूचनाफलकासाठी. गठ्ठे पंचायत समितीच्या शिक्षण विभागात पोहोचवायचे की दुकानातून न्यायचे, ते ऑर्डर देतानाच सांगा.