जुनी डेंटल चेअर घरी नेताय? आधी हे वाचून घ्या

आमच्याकडून खुर्ची नेली की आठवडाभरात फोन येतोच, "अहो ही वर जाते पण खाली येत नाही." बिघडलेली नसते, कुठला खटका कशाचा तेवढं सांगायचं राहून गेलेलं असतं, म्हणून हा कागद सोबत देतोय.

एक गोष्ट डोक्यात ठेवलीत की खटके आपोआप कळतात. तेव्हाचा डेंटिस्ट उभ्याने काम करायचा, आणि १८७१ ला मॉरिसनने पायाने चालवायच्या ड्रिलचं पेटंट घेतलं तेव्हापासून तर एक पाय शिलाई मशीनसारखा पेडलवर आणि सगळा भार दुसऱ्यावर, अशा माणसाने वाकायचं तरी किती, मग पेशंटचं तोंडच त्याच्या हाताशी आणून द्यायचं हे खुर्चीचं काम.

सुरुवात अगदी साधी झाली. १७९० ला अमेरिकेत जोसाया फ्लॅगने लाकडी विंडसर खुर्चीलाच (पाठीला काड्या असलेली साधी खुर्ची) हलणारं हेडरेस्ट जोडलं आणि हत्यारं ठेवायला हाताशी एक फळी, झालं. मागे कलणारी खुर्ची लंडनच्या जेम्स स्नेलची, १८३२ ची. मग अमेरिकेत १८४८ ला हँचेटचं डेंटल चेअरचं पेटंट आलं. आणि १८७७ ला विल्करसनची पंपवाली खुर्ची आली, आपल्याकडे दुरुस्तीला येतात त्यातल्या बऱ्याचशा त्याच घराण्यातल्या.

पंप असा चालतो. पायातलं पेडल हलकेच मारत राहिलात की खालच्या टाकीतलं ऑइल दट्ट्याखाली जातं आणि सीट इंच-इंच वर चढते, व्हॉल्व असल्याने ऑइल परत फिरत नाही. खाली आणायला बहुतेक मॉडेलमध्ये तेच पेडल पार खाली दाबून धरायचं, काहींमध्ये वेगळा खटका असतो. धसका देऊ नका, हळू उतरते ती. आपोआप खचत असेल तर आतला वायसर गेलाय समजा, जुन्यात तो चामड्याचा असतो आणि वर्षानुवर्षं कोरडा पडला की आकसतो. आणि कृपा करून ब्रेक ऑइल घालू नका, एकाने घातलं होतं, सांडलेल्या ठिकाणी बेसचा रंग सालपटासारखा निघाला!

पाठीचा खटका मागे किंवा बाजूला. तो सोडताना दुसऱ्या हाताने पाठ धरून ठेवा, नाहीतर बसलेला माणूस दणकन मागे.

खरी गंमत हेडरेस्टची, आम्हाला तरी सगळ्यात जास्त आवडतं ते. दोन छोट्या गाद्या, डोक्याच्या मागे कानांच्या जरा खाली येणाऱ्या, त्या एकमेकींपासून लांब-जवळ होतात, तिरक्या होतात, आणि ज्या दांड्यावर बसतात तो वर-खाली आणि पुढे-मागे. सांध्यात गोळा असतो, मूठ सैल केली की मान कुठेही वळवा, आवळली की घट्ट. वरच्या दाढा बघायच्या तर डोकं मागे, खालच्या असतील तर सरळ, हे सगळं एका मुठीवर. म्हणून मूठ पक्कडने आवळू नका, आटे गेले तर तो पार्ट बाजारात मिळत नाही, लेथवर करून घ्यावा लागतो.

यावरूनच न्हाव्याची खुर्चीही ओळखता येते. चोरबाजारात दोन्ही "अँटिक डेंटल" म्हणून विकतात पण न्हाव्याच्या खुर्चीला साधारण एकच गादी असते, आणि पाठ, हात सगळं ऐसपैस. डेंटलची पाठ वर अरुंद, डॉक्टरला जवळ घुसता यावं म्हणून.

दिसण्याचं म्हणाल तर मखमल आणि नक्षीदार बीड (ओतीव लोखंड) असेल तर ती सहसा आधीच्या काळातली. पुढे स्वच्छतेचं खूळ (चांगलंच म्हणा) वाढलं तशी नक्षी गेली आणि पांढरी तामचिनी (इनॅमल) आली, पुसायला सोपी. तामचिनीचे टवके उडाले असतील तर राहू द्या, स्प्रे पेंट मारून वाट लावू नका. जुना रंग घासायचाच असेल तर मास्क लावून, ओला करून घासा, त्यात शिसं असू शकतं.

नेताना बेस आणि वरचा भाग वेगळा करून देतो, चार माणसं लागतात. लिफ्टचं दार मोजून या.