लिनक्सची सावड : एका परवान्यावर उभ्या राहिलेल्या उद्योगाची पार्श्वभूमी

जुलै २०१९मध्ये आयबीएमने रेड हॅट ही कंपनी सुमारे ३४ अब्ज डॉलरना विकत घेतली. रेड हॅटचे मुख्य उत्पादन लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमवर, म्हणजे संगणक चालवणाऱ्या मूळ प्रणालीवर, उभे आहे. त्याचा सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रामरांनी लिहिलेला मूळ मजकूर, बदलण्याची आणि पुढे वाटण्याची कायदेशीर मुभा आहे, आणि त्यातील बराचसा भाग तिच्या नोकरीत कधीही नसलेल्या लोकांनी लिहिलेला आहे. इंटरनेटवरच्या सामूहिक कामाबद्दल नेहमी सांगितली जाणारी निःस्वार्थ सेवेची गोष्ट हा व्यवहार उलगडायला पुरत नाही. त्यासाठी त्या कामाला बांधून ठेवणाऱ्या कागदाकडे, म्हणजे परवान्याकडे, पाहावे लागते.

या परवान्याचे मूळ अमेरिकेतील एमआयटीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत आहे. कागद अडकला की वाट पाहणाऱ्यांना संगणकावर तशी सूचना मिळावी, अशी सोय तिथले प्रोग्रामर रिचर्ड स्टॉलमन यांनी जुन्या प्रिंटरमध्ये केली होती. १९८०च्या सुमारास झेरॉक्सचा नवा प्रिंटर आला, पण त्याचा सोर्स कोड मिळत नसल्यामुळे तीच सोय त्यात करता येईना. तोवर संशोधकांमध्ये कोडची देवाणघेवाण सहज होत असे. आता गोपनीयतेचे करार आडवे येऊ लागले होते. स्टॉलमन यांनी १९८३मध्ये ‘ग्नू’ ही खुली ऑपरेटिंग सिस्टिम घडवण्याचा प्रकल्प जाहीर केला आणि १९८९मध्ये त्याचा सार्वजनिक परवाना, म्हणजे जीपीएल, प्रसिद्ध झाला. एरवी वाटप रोखण्यासाठी वापरला जाणारा प्रताधिकार येथे उलटा फिरवला होता : सॉफ्टवेअर वापरा, बदला, विकासुद्धा, पण ते दुसऱ्याला द्याल तेव्हा तुमच्या बदलांसह सोर्स कोडही याच अटींवर द्यावा लागेल.

कोकणातल्या वाचकाला ही अट अनोळखी वाटू नये. भातलावणीच्या सावडीत आज तुम्ही माझ्या शेतात राबता आणि उद्या मी तुमच्या. तिथे मजुरी नसते, पण तो दानधर्मही नसतो. गावात फेड चुकवणाऱ्यावर चार जणांची नजर असते. एकमेकांचे तोंडही न पाहिलेल्या हजारो प्रोग्रामरांमध्ये ती नजर नव्हती, आणि तिचे काम या परवान्याने केले.

२५ ऑगस्ट १९९१ रोजी हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या २१ वर्षांच्या लिनस टॉरवाल्ड्स यांनी आपण एक ऑपरेटिंग सिस्टिम लिहीत असल्याचे इंटरनेटवर कळवले, आणि हा केवळ छंद असून ती ग्नूसारखी मोठी व व्यावसायिक होणार नाही, असेही सांगून टाकले. त्यांच्या पहिल्या परवान्यात लिनक्सच्या वाटपासाठी पैसे घेण्यास मनाई होती. वरकरणी हे अधिक उदात्त होते. प्रत्यक्षात फ्लॉपीवर प्रती काढून देणाऱ्यालाही खर्च वसूल करता येत नव्हता. १९९२च्या सुरुवातीला टॉरवाल्ड्स यांनी ही मनाई काढून जीपीएल स्वीकारला. माझ्या मते पुढच्या सगळ्या व्यापाराचे दार याच निर्णयाने उघडले, कारण आता रेड हॅटसारख्या कंपन्यांना कोडवर मक्तेदारी न मिळवताही तपासलेल्या आवृत्त्या, दुरुस्त्या आणि सेवा यांचे पैसे घेता येणार होते.

आयबीएमने २००१मध्ये लिनक्सवर एक अब्ज डॉलर खर्च करण्याचे ठरवले ते उदारपणापोटी नव्हे. तिच्या मेनफ्रेमपासून लहान सर्व्हरपर्यंतच्या यंत्रांवर वेगवेगळ्या ऑपरेटिंग सिस्टिम चालत आणि प्रत्येकीचा खर्च वेगळा होता. शिवाय स्पर्धेत एका बाजूला सन मायक्रोसिस्टिम्स ही संगणक कंपनी आणि दुसऱ्या बाजूला मायक्रोसॉफ्ट उभी होती. सगळ्या यंत्रांवर चालणारा, सामायिक खर्चाने वाढणारा आणि कोणाही स्पर्धकाला कुलूपबंद करता न येणारा गाभा तिला परवडणारा होता. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टचे प्रमुख स्टीव्ह बामर यांनी लिनक्सला कर्करोगाची उपमा दिली, आणि २००९मध्ये त्याच मायक्रोसॉफ्टने लिनक्सला सुमारे २०,००० ओळींचा कोड जीपीएलखाली दिला. २०१०नंतरच्या दशकात लिनक्स फाउंडेशनच्या अहवालांनुसार कर्नलचे, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचे, ८० टक्क्यांहून अधिक काम पगारी अभियंते करत होते. सावड मोडली नव्हती, पण राबणारे आता बहुतेक कंपन्यांचे गडी होते.

सॉफ्टवेअरबाहेरच्या प्रयोगांपैकी सर्वांत गाजलेला प्रयोग सोन्याच्या खाणीचा आहे. कॅनडातील गोल्डकॉर्पचे प्रमुख रॉब मॅकइवेन यांनी १९९९मध्ये एमआयटीतील एका कार्यक्रमात लिनक्सची हकीकत ऐकली. मार्च २०००मध्ये त्यांनी ओंटारिओतील रेड लेक खाणीची सुमारे ४०० मेगाबाइट भूगर्भीय माहिती खुली केली आणि ५,७५,००० डॉलरची बक्षिसे लावली. या व्यवसायात अशी माहिती तिजोरीत ठेवण्याची रीत होती. पहिले बक्षीस ऑस्ट्रेलियातील दोन संस्थांना मिळून मिळाले; त्यांनी खाण पाहिलीही नव्हती. मात्र खाणीतील समृद्ध साठ्याचा पत्ता १९९५मध्येच लागला होता, हे ही कथा रंगवून सांगणारे सहसा विसरतात. शिवाय येथे परतफेडीची अट नव्हती, बक्षीस होते. त्यामुळे तिला लिनक्सची बहीण न म्हणता दूरची नातलग म्हणणे बरे.

मराठीलाही या व्यवस्थेचा प्रत्यक्ष लाभ झाला. देवनागरीसह अनेक भारतीय लिप्यांचे ‘लोहित’ टंक (फॉन्ट) रेड हॅटने खुल्या परवान्याखाली दिले आणि तिच्या पुण्यातील अभियंत्यांनी त्यांची देखभाल केली.

परवाना सोर्स कोडची परतफेड मागतो; वेळेची किंवा पैशाची मागत नाही. त्यातही कोड द्यावा लागतो तो सॉफ्टवेअर वाटले तरच, त्यामुळे स्वतःच्याच सर्व्हरवर ते वापरणाऱ्या वेब कंपन्यांना ही अट लागू होत नाही. इतर अनेक प्रकल्पांच्या परवान्यांत तर कोडच्या परतफेडीचीही अट नाही. एप्रिल २०१४मध्ये ‘हार्टब्लीड’ दोष उघड झाला तेव्हा असंख्य संकेतस्थळांची सुरक्षा ज्यावर अवलंबून होती तो ओपनएसएसएल प्रकल्प मूठभर लोक तुटपुंज्या देणग्यांवर चालवत असल्याचे दिसले. त्यानंतर मोठ्या कंपन्यांनी एकत्र निधी उभारला, पण तो सगळीकडे पोहोचला नाही. ‘एक्सझेड’ या फाइली आकुंचित करणाऱ्या साधनाचा भार एकाच थकलेल्या व्यक्तीवर होता; एका अनोळखी मदतनीसाने दोनेक वर्षे विश्वास संपादन करून त्यात चोरवाट बसवली. मार्च २०२४मध्ये ती पकडली गेली, कारण मायक्रोसॉफ्टमध्ये काम करणाऱ्या आंद्रेस फ्रॉइंड यांना लॉगिनला नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद जास्त लागत असल्याचे खटकले.