कुपनवाले आणि कुपनचोर

रांगेत पुढच्या बाईंनी पाकिटातून सवलतीच्या कुपनांची चवड काढली की मागे कुजबुज सुरू होते, "आले बघा हे फ्रॉड लोक." त्याच दिवशी कुणीतरी एकच कूपन पुढे करतं, तेही भलत्याच वस्तूवर. मी नाही म्हटलं की चिडून विचारतं, "मशीनने घेतलं ना? मग तुमचं काय जातं?" न्यू जर्सीतल्या एका सुपरमार्केटात मी काउंटर सांभाळते, आणि ही दोन्ही वाक्यं ऐकून कान किटले आहेत. चवडवाल्या बाई बहुतेक वेळा पूर्ण नियमात असतात. ते एकच कूपन पुढे करणारा माणूस मात्र नियमात नसतो. आपल्याकडे याच्या नेमकं उलटं धरून चालतात, म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

कुपनवाले म्हणजे काय ते तुम्हाला माहीत आहे. टीएलसी या अमेरिकन वाहिनीवरच्या मालिकेने २०११पासून ते घरोघरी पोचवले. रविवारच्या वर्तमानपत्रातल्या पुरवण्या कापायच्या, फायलीत लावायच्या, सेल लागेपर्यंत थांबायचं आणि शंभर डॉलरचा माल दहा डॉलरांत उचलायचा. त्या वर्षी अमेरिकेत किराणा आणि घरगुती मालाची सुमारे ३०५ अब्ज कुपनं वाटली गेली आणि जेमतेम साडेतीन अब्ज वटली. शंभरातलं एक. उरलेली नव्व्याण्णव रद्दीत जाणार हे कंपन्यांनी आधीच धरलेलं असतं. कुपनवाला फक्त त्या रद्दीतली आपली कुपनं चिकाटीने वेचतो. ही चोरी नाही, मेहनत आहे, आणि मला अशा गिऱ्हाइकांबद्दल मनापासून आदर आहे. त्यांची कुपनं वस्तूंच्या क्रमाने लावलेली असतात, मुदत संपलेली आधीच काढून टाकलेली असतात, आणि हिशोब माझ्याआधी त्यांचा तयार असतो.

पुढचं सगळं समजायला एक गोष्ट पक्की हवी. कंपनीचं कूपन ही दुकानाने दिलेली सूट नाही. ती कंपनीवर काढलेली हुंडी आहे. दुकान तुमच्याकडून तो कागद पैशांऐवजी घेतं, क्लिअरिंग हाउसकडे, म्हणजे कुपनांचा हिशोब करणाऱ्या मधल्या संस्थेकडे, पाठवतं आणि कंपनीकडून छापील रक्कम वसूल करतं. वर हाताळणीचे सहसा आठ सेंट मिळतात, कुपनावरच्या बारीक अक्षरांत ते लिहिलेलंही असतं. दुकानाचं स्वतःचं कूपन ही मात्र खरोखरची सूट, दुकानाच्या खिशातून. हा फरक आमच्या राज्याच्या करातही दिसतो. चार डॉलरचा शाम्पू घ्या. दुकानाचं एक डॉलरचं कूपन लावलं की करासाठी किंमत तीन डॉलर धरली जाते. त्यावर कंपनीचं तीन डॉलरचं कूपन लावलं तरी कर तीन डॉलरवरच लागतो, कारण ते तीन डॉलर दुकानाला कंपनीकडून मिळणारच आहेत. ६.६२५ टक्क्यांनी वीस सेंट. "शाम्पू फुकट आहे तर वीस सेंट कसले?" असं विचारणाऱ्यांना हेच उत्तर आहे.

आता किरकोळ गैरसमज झटपट उरकते. एकाच वस्तूवर दुकानाचं एक आणि कंपनीचं एक अशी दोन कुपनं लावणं बहुतेक दुकानांत चालतं, ती लबाडी नाही. "एका खरेदीला एक" असं छापलेलं असेल तर ते दर वस्तूमागे एक, म्हणजे दहा वस्तूंवर दहा कुपनं चालतात. "एका व्यवहाराला एक" असेल तर मात्र दर पावतीमागे एक. हे नवीन कॅशिअरलाही कळत नाही आणि गिऱ्हाइकाला विनाकारण परत पाठवलं जातं, याचा मला फार राग येतो. कूपन वस्तूच्या किमतीपेक्षा जास्त असेल तर वरचे पैसे द्यायचे की नाही ते ज्या त्या दुकानाच्या धोरणावर आहे. अख्खा शेल्फ रिकामा करणं हा असभ्यपणा आहे. मला तो अजिबात आवडत नाही, पण फसवणूक म्हणता येत नाही.

खरी गल्लत होते ती मशीनपाशी.

कूपन स्कॅन झालं, रक्कम वजा झाली, म्हणजे ते त्या वस्तूला लागू होतं, अशी बहुतेकांची ठाम समजूत असते. गिऱ्हाइकांची, आणि वाईट वाटतं पण बऱ्याच कॅशिअरांचीही. मशीन कुपनावरचा मजकूर वाचत नाही. ते फक्त बारकोड वाचतं, आणि बारकोडात मजकुराचा एक तुकडाच मावतो.

जुन्या कुपनांवरचा बारकोड पाचच्या आकड्याने सुरू व्हायचा. पुढचे पाच आकडे कंपनीचे, त्यापुढचे तीन फॅमिली कोडचे, मग दोन सवलतीच्या रकमेचे आणि शेवटचा पडताळणीचा. बस. "फॅमिली" म्हणजे कंपनीने आपल्या मालाचे पाडलेले गट. मशीन मुख्यतः दोन गोष्टी पाहायचं: बिलात या कंपनीची काही वस्तू आहे का, आणि ती या गटातली आहे का. गट किती ढोबळ ठेवायचा हे कंपनीच्या हातात. कोड ००० ठेवला तर गट तपासलाच जात नाही, त्या कंपनीची कुठलीही वस्तू चालून जाते.

समजा कुपनावर लिहिलं आहे, "पाच ब्लेडच्या रेझरच्या संचावर तीन डॉलर सूट, प्रवासी आकाराच्या वस्तूंना लागू नाही." आणि बारकोडातला गट आहे "दाढीचं सगळं सामान". आता कुणी तेच कूपन शेव्हिंग क्रीमच्या दीड डॉलरच्या प्रवासी ट्यूबवर लावलं तर मशीन गप्प राहील. फार तर किंमत कमी आहे म्हणून कॅशिअरला विचारेल, आणि घाईत असलेला कॅशिअर बटण दाबून मोकळा होईल. मशीन गप्प राहिलं तरी कुपनाची अट मोडलेली आहे. हे आकडे वाचून कुठलं कूपन कुठल्या स्वस्त वस्तूवर "चालून जाईल" याच्या याद्या करणं म्हणजे बारकोड डीकोडिंग. ही शुद्ध फसवणूक आहे. कागद अस्सल आहे, कापलेलाही प्रामाणिकपणे आहे, पण हुंडी ज्या मालासाठी लिहिली तो माल घेतलेलाच नाही.

म्हणून मी कूपन हातात घेतलं की डोळे आधी छापील ओळींवर जातात. वस्तूचं नाव, आकार, नग, मुदत, आणि "वगळून" या शब्दापुढे जे काही असेल ते. चित्राकडे मी बघतही नाही. कंपन्या चित्रात नेहमी महागडी वस्तू छापतात आणि ओळीत कधी "कोणतीही एक" असं लिहितात. तिथे कॅशिअरने चित्रावरून नाही म्हणणं हा गिऱ्हाइकावर उलटा अन्याय. मजकूर म्हणेल तेच खरं. मशीन मुकाट्याने घेतं म्हणून खोटं कूपन खरं ठरत नाही, तसंच मशीन ओरडतं म्हणून खरं कूपन खोटं ठरत नाही. कधी कंपनी नव्या पॅकिंगचा कोड दुकानाला कळवत नाही. मग अट तंतोतंत पाळूनही मशीन ओरडतं. तेव्हा मजकूर वाचून, मॅनेजरची किल्ली लावून ते कूपन घ्यायलाच हवं.

मागे एक मराठी काकू आल्या होत्या, डिटर्जंटची छोटी बाटली आणि मोठ्या बाटलीचं कूपन घेऊन.

"अगं, मागच्या आठवड्यात तुमच्याच दुकानात चाललं होतं."

"काकू, तेव्हा चालायला नको होतं. इथे बघा, पन्नास औंस किंवा जास्त. ही पंचवीसची आहे."

"मशीन घेतंय की."

"मशीन घेईल. कंपनी तपासेल तेव्हा दुकानाचे पैसे अडकतील. मोठी बाटली सेलवर आहे, आणून देऊ का?"

मोठी बाटली त्यांना छोटीपेक्षा स्वस्तच पडली. अशा वेळी "तुम्ही फसवताय" हा शब्द मी तोंडातून काढत नाही. निम्म्या लोकांनी खरंच वाचलेलं नसतं. ज्यांनी वाचलेलं असतं ते ओळीवर बोट ठेवल्यावर बहुधा काही न बोलता कूपन परत घेतात.

२०११च्या सुमारास जुना बारकोड मागे पडून जीएस१ डेटाबार हा नवा बारकोड आला. त्याची सुरुवात ८११० या आकड्यांनी होते. त्यात योजनेचा क्रमांक, किती नग घ्यायचे, मुदत, हवा तर अनुक्रमांक, असं पुष्कळ काही मावतं. त्यामुळे भलत्या वस्तूवर कूपन खपवणं अवघड झालं. पण बारकोडात जास्त मजकूर आला म्हणून कूपन खरं आहे की नाही हे मशीनला कळू लागलं असं नाही. नीट रचलेला बनावट डेटाबारही मशीन निमूट वाचतं, कारण ते कंपनीला विचारायला जात नाही.

हे किती महाग पडू शकतं ते व्हर्जिनिया बीचच्या खटल्यात दिसलं. तिथल्या एका बाईने घरच्या संगणकावर कुपनं रचली, समाजमाध्यमांवरून ग्राहक जमवले, पैसे बिटकॉइन आणि पेपालने घेतले, आणि दुकानांतून चोरलेले कूपन छापायच्या कागदाचे रोल मोबदल्यात स्वीकारले. २५ डॉलरच्या डायपरच्या खोक्यावर २४.९९ डॉलर सूट, अशा धाटणीची ही कुपनं होती, आणि ती स्कॅन होत होती. दुकानांचं आणि कंपन्यांचं नुकसान ३ कोटी १० लाख डॉलरच्या वर गेलं. कूपन इन्फर्मेशन कॉर्पोरेशन या कंपन्यांच्या संस्थेला खबर लागली, तिने टपाल खात्याच्या तपास अधिकाऱ्यांना गाठलं, आणि २०२१मध्ये त्या बाईला १२ वर्षांची शिक्षा झाली. नवऱ्यालाही सात वर्षांहून अधिक. ही कुपनं मोजायला गेलं तर एखाद्या गिऱ्हाइकाकडे दोनचारच असतील. चवडीवरून चोर ओळखणारा कॅशिअर त्यांना हसून "थँक यू" म्हणाला असेल.

बनावट कूपन काउंटरवर ओळखायच्या माझ्या खुणा सांगते. वस्तूच्या जवळपास पूर्ण किमतीएवढी सूट, आणि तेही घरी छापलेल्या कागदावर. मुदत नाही, किंवा वर्षभर लांबची. दुकानाने कुपन कुठे पाठवायचं तो पत्ता नाही. बारकोडाच्या रेघा पसरलेल्या. घरी छापायच्या अस्सल कुपनांवर प्रत्येक प्रतीला वेगळा क्रमांक असतो. चार कुपनांवर एकच क्रमांक दिसला की तीन झेरॉक्स आहेत, चर्चेची गरज नाही. "अमुक वस्तू पूर्ण फुकट" असं कूपन घरच्या प्रिंटरवरून आलेलं असेल तर मी मॅनेजरला बोलावते. अशी अस्सल कुपनं कंपन्या बहुधा टपालाने, जाड कागदावर पाठवतात.

सेल्फ-चेकआउटला मी वेगळी नजर ठेवते. तिथे गिऱ्हाईक स्वतः स्कॅन करतं आणि कूपन फटीत टाकतं, किंवा टाकल्यासारखं करून खिशात घालतं. फटीतल्या कुपनांचा आणि पावत्यांवर वजा झालेल्या कुपनांचा आकडा शिफ्टच्या शेवटी जुळायला हवा.

दुकानाच्या बाजूनेही चोरी होते. कॅशिअरने स्वतःची कुपनं गल्ल्यात टाकून तेवढी रोकड काढायची. किंवा मालकाने पुरवण्यांचे गठ्ठे विकत घेऊन, माल न विकताच, कुपनं क्लिअरिंग हाउसकडे पाठवायची. गठ्ठ्याने कापलेल्या कुपनांच्या कडा एकसारख्या आणि कोऱ्या करकरीत असतात. खऱ्या गिऱ्हाइकांची कुपनं चुरगळलेली, वेडीवाकडी कापलेली येतात. क्लिअरिंग हाउसवाले हे बरोबर ओळखतात आणि सगळं पुडकंच परत करतात. छोट्या दुकानाला अशा एका पुडक्याचा फटका जबर बसतो.

मराठी मंडळांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन गोष्टी फिरताना दिसतात, त्या मला खुपतात. एक, कुपनांची विक्री. "कापायच्या मेहनतीचे पैसे घेतो, कुपनाचे नाही" ही सबब सगळेच देतात. कुपनावर स्पष्ट छापलेलं असतं की विकलं किंवा विकत घेतलं तर रद्द. मी विकत घेत नाही आणि कुणाला घ्यायला सांगणार नाही. शेजारणीला नको असलेली पुरवणी तिने तशीच दिली तर आनंदाने घ्या. दोन, कुपनांची पीडीएफ. कंपन्या वाटेल तितक्या प्रती निघतील अशी पीडीएफ सहसा कुणाला पाठवत नाहीत. ग्रुपवर तशी आली तर कूपन इन्फर्मेशन कॉर्पोरेशनच्या संकेतस्थळावर बनावट कुपनांची यादी चित्रांसकट आहे, तिथे ताडून पाहा.

आता ८११२ने सुरू होणारी नवी डिजिटल कुपनं येत आहेत. त्यांतल्या प्रत्येकाला स्वतंत्र क्रमांक असतो आणि तो कूपन ब्युरो या ना-नफा संस्थेच्या यंत्रणेत त्याच क्षणी तपासला जातो. एकदा वापरला की तो क्रमांक संपला, आणि कंपनीने काढलेलाच नसेल तर सापडतच नाही. मशीनला पहिल्यांदाच कुणाला तरी विचारता येऊ लागलं आहे. ती यंत्रणा सगळ्या काउंटरवर येईपर्यंत, गिऱ्हाइकांनो, कूपन पुढे करण्याआधी चित्राखालची ओळ वाचा. आणि ती अट तुम्ही पाळलेली असूनही कॅशिअर नाही म्हणाला, तर वाद न घालता तीच ओळ त्याला मोठ्याने वाचून दाखवा आणि मॅनेजरला बोलवायला सांगा.