गृहीत आणि श्रद्धा: फरशीवर कुणी विश्वास ठेवतं का?

गणपतीत सगळे जमलो की मामाचा आणि माझा वाद ठरलेला. यंदा त्याने नवीनच काढलं. म्हणाला, "तू पुराव्याशिवाय काही मानत नाहीस ना? मग सकाळी पलंगावरून पाय खाली टाकताना फरशी जागेवर आहे का हे वाकून बघतोस का? नाही ना, मग ती पण श्रद्धाच झाली की. माझी देवावर, तुझी फरशीवर." सगळे हसले, मी पण हसलो, कारण त्या क्षणी उत्तर काही सुचलं नाही.

नंतर डोक्यात फिरत राहिलं आणि आता वाटतंय की मामाने दोन वेगळ्या गोष्टी एका पिशवीत घातल्या. एक गृहीत, दुसरी श्रद्धा. दोन्हीच्या खाली पुरावा दिसत नाही म्हणून लांबून जुळ्या बहिणी वाटतात, पण जवळ जाऊन बघितलं तर चेहरा सोडाच, घराणंच वेगळं.

आधी भाषा बघा, कारण आपण रोज बोलतो त्यातच अर्धं उत्तर आहे. श्रद्धेबद्दल माणूस वर्तमानकाळात बोलतो, "माझी श्रद्धा आहे." गृहीताची कबुली मात्र जवळजवळ कायम भूतकाळात येते, आणि ती पण पचका झाल्यावर. "मी धरून चाललो होतो की तू किल्ली घेतली असशील." दाराबाहेर उभं राहिल्याशिवाय हे वाक्य तोंडात येतच नाही. घरातून निघताना कुणाच्या मनात 'किल्ली त्याने घेतली आहे' असं वाक्य होतं का? नव्हतं. आई चिडून "मला गृहीत धरता तुम्ही सगळे" म्हणते तेव्हा पण तेच, 'आई चहा करेल' असा विचार कुणीच केलेला नसतो, तक्रारच ती आहे की विचार केला नाही.

आता जिना. आमच्याकडे एकदा लाईट गेलेली, मोबाईल वर राहिलेला, मी रोजचाच जिना म्हणून झपाझप उतरत होतो, आणि पाय अजून एक पायरी आहे अशा हिशोबाने खाली गेला तर तिथे जमीनच, पायरी संपलेली. टाच दणकन आपटली, दात एकमेकांवर वाजले, पोटात खड्डा पडला. मी पायऱ्या मोजत नव्हतो, 'अजून एक आहे' असं मनात म्हटलं पण नव्हतं, तरी काहीतरी चुकलं हे नक्की, नाहीतर दचकलो कशाला? म्हणजे पायाने काहीतरी धरलेलं होतं, शब्दाशिवाय आणि कारणाशिवाय. त्याला 'विश्वास' म्हणायचं का, हाच खरा भांडणाचा मुद्दा.

डोनाल्ड डेव्हिडसन नावाचा अमेरिकन तत्त्वज्ञ म्हणायचा की नाही म्हणायचं. त्याचं म्हणणं साधारण असं की आपलं मत चुकू शकतं ही कल्पना ज्याला आहे त्यालाच मत असू शकतं, आणि ती कल्पना भाषेशिवाय येत नाही. उलट बाजूला नॉर्मन माल्कम या आणखी एका अमेरिकन तत्त्वज्ञाच्या उदाहरणातलं कुत्रं आहे. मांजरामागे धावतं, मांजर ऐनवेळी दुसऱ्याच झाडावर चढतं आणि हे भलत्याच झाडाखाली वर बघून भुंकत बसतं. आपण सहज म्हणतो, त्याला वाटतंय मांजर वर आहे. माल्कमचं म्हणणं, असं म्हणण्यात काही चूक नाही, फक्त त्याच्या डोक्यात 'मांजर वर आहे' असं वाक्य फिरतंय असं समजू नका. मला हे पटतं. मराठीत 'वाटणं' हा शब्द आहे ना, तो कुत्र्याला पुरतो, 'मत असणं' पुरत नाही.

हा वाद आपल्याकडे फार जुना आहे. भर्तृहरी हा व्याकरणकार-तत्त्वज्ञ म्हणतो शब्द मिसळलेला नाही असं ज्ञानच जगात नाही, आणि मग तान्ह्या बाळाचं काय असं कुणी विचारेल म्हणून त्याने आधीच सोय केलीये, बाळात मागच्या जन्मातले शब्दाचे संस्कार असतात. (वाद जिंकायला मागचा जन्म आणायचा, मामा खूश होईल.) मीमांसा परंपरेतला तत्त्वज्ञ कुमारिल भट्ट याच्या विरुद्ध. तो म्हणतो, बघितल्या बघितल्या पहिलं जे होतं ते निर्विकल्पक, बाळाच्या किंवा मुक्याच्या जाणिवेसारखं, नाव, प्रकार वगैरे चिकटायच्या आधीचं. नावं नंतर लागतात.

यात मी कुमारिलाच्या पार्टीत आहे आणि त्याचं कारण एक करडू. 1960 मध्ये एलेनॉर गिब्सन आणि रिचर्ड वॉक या मानसशास्त्रज्ञांनी कॉर्नेल विद्यापीठातला एक प्रयोग छापला. मोठी काच, अर्ध्या भागात काचेला लागूनच खाली चौकटीचं कापड, उरलेल्या अर्ध्यात तेच कापड पार खाली जमिनीवर, म्हणजे बघणाऱ्याला सरळ कडा दिसतो. 6 ते 14 महिन्यांची 36 बाळं, आया दोन्ही बाजूंनी आळीपाळीने बोलावतायत. 27 बाळं मधल्या फळीवरून हलली, ती सगळी निदान एकदा तरी उथळ बाजूला गेली, खोल बाजूला त्यातली फक्त 3. आता गंमत बघा, काही बाळांनी खोल बाजूची काच हाताने थोपटून पण बघितली, हाताला घट्ट लागली, तरी गेली नाहीत. हाताचा पुरावा समोर होता, डोळ्याने ऐकला नाही. रांगणारं बाळ आधी कुठेतरी धडपडून शिकलेलं असेल म्हणा, पण त्यांनी एक दिवसाची करडं पण ठेवली होती, ती सुद्धा त्या बाजूला पाय टाकेनात. करडाला भाषा नाही, पुढेही येणार नाही, आणि एका दिवसात कसला अनुभव जमा होणार. तरी 'तिथे जमीन नाही' हे त्याच्या खुरात आहे.

मग मामा बरोबर की. पुरावा नाही, शब्द नाही, तरी धरून चाललोय, श्रद्धाच ही!

नाही, इथेच फरक आहे. 'पुरावा नाही' याचे दोन अर्थ होतात. एक, पुरावा मागणं रास्त आहे आणि तो दिलेला नाही. दुसरा, पुरावा मागायचा प्रश्नच तिथपर्यंत पोचत नाही. विटगेनस्टाइन या तत्त्वज्ञाने मरायच्या आधीच्या साधारण दीड वर्षात यावरच टिपणं लिहिली, शेवटचं 27 एप्रिल 1951 ला, आणि 29 ला गेला. निमित्त जी. ई. मूर या इंग्रज तत्त्वज्ञाचं. मूरने 1939 च्या एका व्याख्यानात बाहेरचं जग आहे हे सिद्ध करायला आधी एक हात दाखवला, मग दुसरा, झालं सिद्ध. विटगेनस्टाइन म्हणतो हात आहेत हे 'मला माहीत आहे' असं म्हणणंच विचित्र, कारण त्यावर शंका घ्यायला ज्या कशाचा आधार घ्यायचा ते हातापेक्षा जास्त पक्कं नाही. त्याने बिजागरीची उपमा दिलीये. दार फिरायला हवं असेल तर बिजागरी जागेवर हवी, तसं शंका घ्यायलाही काही गोष्टी पक्क्या धरलेल्या हव्यात. आणि ही खात्री समर्थनाच्या पलीकडची, जणू प्राण्यासारखी, असंही तो म्हणतो.

आपल्याकडे न्यायदर्शनातल्या उदयनाचार्यांनी दहाव्या शतकात हेच व्यवहाराच्या बाजूने पकडलं, शंकेला हद्द असते आणि ती स्वतःच्या वागण्याशी विरोध येतो तिथे. पुढे त्याच परंपरेतल्या गंगेशाने ते सोलून सांगितलं, धूर हवा म्हणून विस्तव पेटवतोस, पोट भरायला जेवतोस, समोरच्याला कळावं म्हणून बोलतोस, आणि वर म्हणतोस की यांचा संबंध आहे का याची शंका येते, मग जेवतोस कशाला बाबा?

गृहीताला असं वागण्याने धरता येतं. फरशीवर खरी शंका असलेला माणूस पलंगावरून उतरणारच नाही. देवावर शंका असलेला माणूस मात्र दूध आणतो, ऑफिसला जातो, गणपतीत मोदक पण खातो. मी खातोच. श्रद्धेला उलट मत शक्य असतं, तिच्यासाठी वाक्य लागतं, 'नवस केला म्हणून पास झाला' हे वाक्य करडाला जमणार नाही. आणि एकदा वाक्य झालं की 'कशावरून?' हा प्रश्न त्याच्या दारात येणार, तो अडवता येत नाही.

पण गृहीत कायम पायातच राहतं असं नाही, ही माझ्या बाजूची अडचण. विटगेनस्टाइनच्याच टिपणात आहे की चंद्रावर कुणी गेलेलं नाही ही पक्की गोष्ट. टिपणांचं पुस्तक निघालं 1969 साली, म्हणजे ज्या वर्षी माणूस चंद्रावर उतरला त्याच वर्षी! हे गृहीत फरशीसारखं नव्हतं, ते भाषेतून, शाळेतून, मोठ्यांकडून आलेलं होतं, आणि तसलं गृहीत बदलतं. (शाळेच्या भूमितीतलं गृहीतक आणखी तिसरंच, ते तर मुद्दाम लिहूनच धरतात.) म्हणजे खाली शब्दाशिवायचा मजला आहे, वर शब्दांचा, आणि सगळा घोळ जिन्यात होतो.

विल्फ्रिड सेलर्स या अमेरिकन तत्त्वज्ञाने 1956 मध्ये नेमका हाच जिना दाखवला. ज्या जाणिवेला शब्द-संकल्पना काहीच नाहीत ती कशाचं कारण म्हणून देता येत नाही, आणि कारण म्हणून देता येण्याइतकी ती शब्दात आली तर मग तिलाही आधार मागता येतो. त्यामुळे 'पाया' हा शब्दच मला जरा फसवा वाटतो. करडाच्या खुरावर माझी मतं रचलेली नाहीत. ते खूर आहे म्हणून मी उभा आहे, एवढंच.

हे सगळं मी मामाला फोनवर सांगितलं, अर्धा तास. तो शांतपणे ऐकून म्हणाला, "नवसाचं सोड. एसटी आपल्या घाटातल्या देवळासमोर आली की माझा हात आपोआप छातीशी जातो, तेव्हा माझ्या डोक्यात कुठलं वाक्य असतं? गप्पा चालू असतात माझ्या, तिकिटाचे सुट्टे मोजत असतो."

हात मी पण बघितलाय. शेजारी झोपलेला माणूस त्या वळणावर अर्धवट जागा होऊन हात लावतो आणि परत झोपतो. तो हात कुठल्या मजल्यावर ठेवायचा ते मामाला अजून सांगितलेलं नाही.