किती टीबीची हार्ड डिस्क घ्यावी?
(ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

नवा कॉम्प्युटर असेंबल करून घ्यायला किंवा जुन्या मशीनची जागा वाढवायला आमच्या दुकानात येणाऱ्या बऱ्याच जणांनी आकडा घरूनच ठरवून आणलेला असतो. ४ टीबी, नाहीतर थेट ८ टीबी (१ टीबी म्हणजे १,००० जीबी). "एकदाच काय ती मोठी घेऊन टाकू, पुन्हा बघायला नको," असं म्हणतात. घरगुती वापरासाठी हा हिशेब बहुधा जमत नाही, असं आमचं स्पष्ट मत आहे. विंडोज चालवायला एक छोटी एसएसडी (तबकडीऐवजी चिपवर डेटा ठेवणारी, वेगवान डिस्क) आणि डेटासाठी बेताच्या दोन डिस्क, एवढ्यात बहुतेक घरांचं भागतं. मोठ्या डिस्कवर आम्हाला बिल मोठं करता येतं, तरीही हे पत्रक वाचूनच तुम्ही ठरवावं अशी इच्छा आहे.

आधी घरात आहे किती ते मोजू

फोनवर काढलेला एक फोटो साधारण ३ ते ५ एमबीचा असतो. सरासरी ४ एमबी धरली आणि घरात सगळ्यांचे मिळून ३०,००० फोटो असले, तरी ते १२० जीबीत मावतात. फुल एचडी व्हिडिओला मिनिटाला सुमारे १३० एमबी लागतात. बारसं, मुंज, गॅदरिंग, गणपतीची मिरवणूक असं वीस तासांचं शूटिंग साठलेलं असलं, तर ते झालं साधारण १५६ जीबी. पाच-पाच मिनिटांची २,००० एमपी३ गाणी १० जीबीच्या आसपास. आधार-पॅनचे स्कॅन, मुलांचे प्रोजेक्ट, सोसायटीचे हिशेब या सगळ्याला आणखी १० जीबी द्या. विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टची किमान अट ६४ जीबीची आहे. रोजचे प्रोग्रॅम धरून १०० जीबी ठेवले म्हणजे पुरे.

बेरीज ४०० जीबीच्या आत. म्हणजे १ टीबीचा निम्मा भागही भरला नाही.

इथेच एका नेहमीच्या तक्रारीचं उत्तर देऊन टाकतो. १ टीबीची डिस्क लावली की विंडोज ९३१ जीबी दाखवतं. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १,०२४ च्या पटीत, म्हणून हा फरक पडतो. डिस्क पूर्ण १ टीबीचीच असते.

मग डिस्क फुल्ल कशी होते?

मशीन तपासायला घेतलं की बऱ्याचदा हेच चित्र दिसतं. डी ड्राइव्हवर "मोबाइल फोटो" नावाचं फोल्डर, शेजारी "मोबाइल फोटो नवीन", आणि आत आणखी एक "न्यू फोल्डर". तिन्हींत तेच गणपतीचे फोटो. दर वेळी फोन भरला की अख्खा फोन कॉम्प्युटरवर ओतलेला असतो, आधीचं काय उतरवलंय ते न बघता. सी ड्राइव्हवर आयफोनचा बॅकअप कोपऱ्यात दडलेला असतो, तोही कधीकधी दोन पिढ्या जुन्या फोनचा, आणि तो एकटाच कित्येक जीबी खातो. डाउनलोड्समध्ये एकच बँक स्टेटमेंट पाच वेळा उतरवलेलं. विंडोजचं मोठं अपडेट झाल्यावर जुनी विंडोज काही दिवस तशीच शिल्लक असते, तिचाही भार असतो.

सेटिंग्जमध्ये सिस्टिम आणि त्यात स्टोरेज उघडलंत, तर कशाने किती जागा धरली आहे ते ओळीने दिसतं. नवी डिस्क घेण्याआधी हे एवढं बघाच. फक्त व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला फोटो आणि कॅमेऱ्यातला मूळ फोटो यांत मूळ कोणता ते ओळखून मगच डिलीट करा. व्हॉट्सअ‍ॅपवर साध्या पद्धतीने पाठवलेला फोटो दाबून लहान केलेला असतो. मोठी प्रिंट काढायची झाली तर मूळच हवा.

मोठी डिस्क कोणाला खरंच लागते

लग्नाचं शूटिंग करणाऱ्यांना लागते. रॉ फोटो (कॅमेऱ्यातून न दाबता जसेच्या तसे साठवलेले) एकेक २५ एमबी आणि त्याहून मोठे असतात, त्यात फोर-के एडिटिंगची भर. सीसीटीव्हीलाही लागते: एक कॅमेरा सेकंदाला २ मेगाबिट्सने रेकॉर्ड करत असेल तर दिवसाला साधारण २१ जीबी होतात, म्हणजे चार कॅमेऱ्यांना १ टीबी जेमतेम अकरा दिवस पुरते. सोसायटीला महिन्याभराचं रेकॉर्डिंग हवं असेल तर ४ टीबी घ्या, आणि ती डिस्क चोवीस तास चालण्यासाठी बनवलेली, सीसीटीव्हीचीच घ्या. गेम खेळणाऱ्यांना जागा लागते, पण एसएसडीवर. जुन्या मशीनवाल्यांनी एक गोष्ट आधी विचारावी. जुन्या एमबीआर पद्धतीने फॉरमॅट केलेल्या डिस्कवर विंडोजला २ टीबीच्या पुढची जागा वापरताच येत नाही.

मशीन "स्लो झालंय" म्हणून मोठी हार्ड डिस्क मागणाऱ्यांना आम्ही २५६ किंवा ५१२ जीबीची एसएसडी सुचवतो. हार्ड डिस्कच्या फिरत्या तबकडीवर हवी ती जागा शोधायला डेटा वाचणारं डोकं (हेड) इकडून तिकडे हलावं लागतं, एसएसडीत हलणारं काहीच नसतं. सुरू व्हायला चार मिनिटं घेणारं जुनं मशीन तेवढ्या एका बदलाने पुन्हा वापरण्याजोगं होतं.

एकाच मोठ्या डिस्कचा खरा धोका

या पत्रकातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच. बरेच जण फोटो एक्स्टर्नल डिस्कवर टाकतात, कॉम्प्युटरवरून आणि फोनवरून डिलीट करतात आणि म्हणतात, बॅकअप घेतलाय. तो बॅकअप राहिलेला नसतो. मूळ डिलीट केल्याक्षणी ती डिस्क हीच तुमची एकुलती एक प्रत झाली. मग ती चालू असताना टेबलावरून पडते, किंवा कोणाचा तरी पाय केबलमध्ये अडकतो, आणि पिन लावली की नुसता टकटक आवाज येतो. अशी डिस्क धूळमुक्त लॅबमध्ये उघडून डोकं बदलावं लागतं. त्याचा खर्च डिस्कच्या किमतीच्या कितीतरी पट, आणि डेटा मिळेलच याची खात्री कोणी देत नाही. वॉरंटीत कंपनी डिस्क बदलून देते, डेटा नाही. गेलेल्या वडिलांचा आवाज एकाच डिस्कवर असलेली माणसं आमच्यासमोर बसलेली आम्ही पाहिली आहेत. म्हणून दुसऱ्या डिस्कचा आग्रह धरतो.

डिस्क जितकी मोठी, तितका तिचा बॅकअप टाळला जातो. चार टीबी डेटा जुन्या यूएसबी २.० पोर्टवरून उतरवायला सव्वा दिवसाहून जास्त लागतं. यूएसबी ३ आणि चांगली डिस्क असली तरी नऊ-दहा तास. चारशे जीबीचं काम मात्र यूएसबी ३ वर तासाभरात होतं, म्हणून ते घडतं.

दुसरी डिस्क घरातच, त्याच कपाटात ठेवू नका. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिमी पाऊस झाला आणि तळमजल्यावरच्या घरांत पाणी शिरलं, ते मुंबईकरांना सांगायला नको. एक प्रत ठाण्याला बहिणीकडे, डोंबिवलीला मामांकडे असू द्या आणि सणासुदीला जाल तेव्हा ताजी करून आणा. अगदी निवडक फोटो आणि कागदपत्रं क्लाउडवरही ठेवा. गुगलचे फुकट १५ जीबी जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून असतात, आणि १ जून २०२१ पासून नवे फोटोही त्यात मोजले जातात. कपाटात वर्षानुवर्षं पडून राहणाऱ्या प्रतीसाठी पेन ड्राइव्ह किंवा एसएसडी नको. वीज न मिळता फार काळ राहिल्यास त्यांतला डेटा जाऊ शकतो. हार्ड डिस्कच घ्या आणि वर्षातून दोनदा तरी लावून बघा.

पुढे लागेल म्हणून आज जागा घेऊन ठेवण्याबद्दल एवढंच सांगतो. दर नेहमी खाली येतात असं नाही. २०११ मध्ये थायलंडच्या पुरात कारखाने बुडाले तेव्हा हार्ड डिस्क जगभर महागल्या होत्या. पण वॉरंटीची दोन-तीन वर्षं रिकाम्या जागेवरही उलटून जातात. दोन-तीन वर्षांत लागेल तेवढीच घ्या.

स्टेशनबाहेरची "१६ टीबी"

काही शे रुपयांत १६ टीबी म्हणून विकली जाणारी खिशातली एसएसडी आम्ही उघडून पाहिली आहे. आत छोटंसं मेमरी कार्ड चिकटवलेलं असतं आणि कॉम्प्युटरला खोटा आकडा सांगितला जातो. खरी जागा संपली की नव्या फाइल जुन्यांवर लिहिल्या जातात. नावं दिसतात, उघडत मात्र नाहीत. अशी वस्तू घेतली असेल तर तिच्यावर काही ठेवण्याआधी आमच्याकडे आणा. पूर्ण भरून आणि परत वाचून बघणारी चाचणी आहे, तिला वेळ लागतो, पण शंका राहत नाही.

दुकानात येताना

मशीन किंवा लॅपटॉप चार्जरसह आणा. कशाने किती जागा धरली आहे ते तुमच्यासमोर बसून दाखवू. त्याचे पैसे घेत नाही. नवी डिस्क लागत नसेल तर तसं सांगू. पासवर्ड कागदावर लिहून देऊ नका, तुम्ही स्वतः टाका. आणि डिस्क टकटक किंवा खरखर आवाज करत असेल, तर "एकदा चालू करून बघू" असं करू नका. पिन काढा, जाड कापडात गुंडाळा आणि तशीच घेऊन या.