जुन्या गाडीत पेट्रोलचा वास मारतोय? कधी मारतोय ते आधी बघा

आमच्या गॅरेजच्या ग्राहकांसाठी

‘मेस्त्री, आत पेट्रोलचा वास मारतोय, जरा बघा की,’ एवढंच सांगून किल्ली टेबलावर ठेवून जाणारे बरेच असतात. वास कुठून येतो हे शोधणं आमचं काम, ते तुम्ही सांगायची गरज नाही. पण तो कधी येतो हे फक्त तुम्हालाच माहीत असतं. गाडी आमच्याकडे पोचते तेव्हा इंजिन तापलेलं असतं, काचा उघड्या असतात, टाकी अर्ध्यावर आलेली असते आणि वास बहुतेक वेळा गेलेला असतो. सकाळी येतो, टाकी भरल्यावर येतो की घाट चढल्यावर, एवढं नीट सांगितलंत तरी निम्मी शोधाशोध वाचते. उगाच बदललेल्या पार्टांचे पैसेही वाचतात.

गाडी आणावी की आम्हाला बोलवावं?

खाली थेंब दिसत असतील, पाईप ओला दिसत असेल किंवा दार उघडताच डोळे चुरचुरत असतील, तर स्टार्टर मारू नका. पेट्रोलची वाफ शून्याच्या खाली चाळीसेक अंशांवरसुद्धा पेट घेऊ शकते, त्यामुळे ‘थंडी आहे, काही होत नाही’ याला अर्थ नाही. ही वाफ हवेपेक्षा जड असते. ती वर उडून जात नाही; सीटखाली, पार्किंगच्या खोलगट कोपऱ्यात, गॅरेजच्या खड्ड्यात साचून राहते. गाडी न्यूट्रलमध्ये ढकलून उघड्यावर काढा, दारं उघडी ठेवा आणि फोन करा. बॅटरीची टर्मिनलं घाईघाईने काढायला जाऊ नका, ठिणगी तिथेच उडते. आग लागलीच तर पाणी मारू नका, पेट्रोल पाण्यावर तरंगत पसरतं. पावडरचा अग्निशामक किंवा वाळू वापरा.

आणि एक विनंती. रोज सकाळी डॅशबोर्डवर उदबत्ती लावायची सवय आपल्याकडे पुष्कळ जणांना आहे, खंडेनवमीला तर कापूरही पेटतो. वासाचा निकाल लागेपर्यंत पूजा बॉनेटला हळदकुंकू आणि हार घालून करा. देव समजून घेईल.

वास ‘आता कमी झाला’ असं स्वतःच ठरवू नका. दहा-पंधरा मिनिटं त्याच हवेत बसलं की नाक त्याला सरावतं. घरातल्या दुसऱ्या माणसाला बाहेरून येऊन हुंगायला सांगा. लहान मुलं आणि गरोदर बाईमाणसांना मात्र त्या गाडीत बसवू नका. पेट्रोलमध्ये बेन्झिन असतं, आणि डोकं दुखणं ही त्याच्या त्रासाची फक्त सुरुवात आहे.

बॉनेट उघडण्याआधी डिकी उघडा

शेताकडे जाणाऱ्या गाड्यांत हा प्रकार नेहमीचा. ग्रास कटरसाठी किंवा पेट्रोलवर चालणाऱ्या फवारणी पंपासाठी पाच लिटरचा कॅन डिकीत असतो. उन्हात कॅन फुगतो, बूच सैल होतं, चार थेंब मॅटखालच्या नमद्यात मुरतात आणि पुढे कित्येक दिवस गाडी वास मारते. अशा वेळी मॅट काढून उन्हात टाकणं एवढीच दुरुस्ती. त्यानंतर टाकीचं झाकण बघा. त्याचं रबर कडक झालेलं असतं, किंवा मूळ झाकण हरवून कुठल्या तरी दुसऱ्याच गाडीचं बसवलेलं असतं. प्लास्टिकची पिशवी आणि वर फडकं हेही आम्ही पाहिलेलं आहे.

वेळ सांगा, जागा सापडेल

टाकी भरल्यावर वास येतो आणि पन्नास-साठ किलोमीटर चालल्यावर जातो, असं असेल तर दोष टाकीच्या वरच्या अंगाला. झाकणापासून टाकीपर्यंत जाणारा जाड रबरी पाईप, हवेचा बारीक पाईप, आणि एमपीएफआय (म्हणजे कार्बोरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल फवारणारी) गाडी असेल तर टाकीतल्या पंपाच्या तोंडावरचं गोल रबर. हा पंप बऱ्याच गाड्यांत मागच्या सीटखाली असतो, त्यामुळे वास सरळ आत येतो. हद्दीच्या अलीकडे, कर्नाटकातल्या कोगनोळीच्या बाजूला टाकी भरून महाराष्ट्रात कागल-कोल्हापूरकडे जाणाऱ्या पाहुण्यांमध्ये ही तक्रार जास्त. स्वस्तात मिळतंय म्हणून नोझल आपोआप बंद झाल्यावरही पंपावरच्या पोराला ‘अजून बसतंय, घाल’ म्हणायचं, मग पेट्रोल हवेच्या पाईपात चढतं. ज्या गाड्यांत वाफ शोषणारा कोळशाचा डबा असतो, तो त्याने भिजून निकामी होतो. नोझल पहिल्यांदा थांबलं की बस.

सकाळी पहिल्या स्टार्टला वास येतो आणि नंतर नाही, तर रात्रभर कुठे तरी बारीक पाझर आहे. थंडीत रबर आकसतं, जुनी क्लिप सैल पडते. रात्री खाली पुठ्ठा टाकून बघा असं लोक सांगतात, पण बारीक गळतीचं पेट्रोल पुठ्ठ्यावर पडण्याआधीच उडून जातं. पुठ्ठा कोरडा म्हणून गळती नाही असं समजू नका. आम्ही जोडाजवळचा पिवळट-तपकिरी डाग शोधतो, किंवा धुळीने माखलेल्या इंजिनावर एवढी एकच जागा धुतल्यासारखी स्वच्छ का, हे बघतो.

तापल्यावर गाडी थांबली की वास येतो आणि चालू लागली की जातो. टिळकवाडीत रेल्वे गेट पडलं की याचा अनुभव येतो. गोव्याहून चोर्ला घाट चढून कणकुंबीला चहाला थांबलात की आणखी ठळक. साधारण २००० सालापर्यंतच्या, कार्बोरेटरच्या (हवेत पेट्रोल मिसळणाऱ्या जुन्या यंत्राच्या) मारुती ८०० किंवा झेनमध्ये थोडा दोष उष्णतेचाच असतो. इंजिन बंद केल्यावर हवा थांबते, कार्बोरेटरच्या वाटीतलं पेट्रोल तापून उकळतं आणि वाफ बाहेर पडते. बॉनेटजवळ दोन-चार मिनिटं हलका वास आला तर काळजी नाही. तो आत, सीटवर बसून येत असेल, किंवा पुन्हा स्टार्ट करताना गाडी खूप वेळ घेऊन काळा धूर सोडत असेल, तर वाटीत येणारं पेट्रोल अडवणारी फ्लोटची निडल कचऱ्याने अडकून कार्बोरेटर ओसंडत असतो. थंड स्टार्टसाठी हवा कमी करणाऱ्या चोकची केबल अर्धी ओढलेली राहिली तरी हेच होतं, म्हणून ती आधी बघा.

फक्त ब्लोअर लावल्यावर वास येत असेल तर तो इंजिनाच्या खोलीतून येतो, कारण बाहेरची हवा आत घेणारी जाळी बॉनेटच्या मागच्या कडेलाच असते. काचा उघडून चालवताना मागून येत असेल आणि तो कच्च्या पेट्रोलचा नसून जळकट असेल, तर डिकीच्या दाराचं रबर आणि सायलेन्सर तपासायला लागतील. हे हलक्यात घेऊ नका. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला स्वतःचा वास नसतो. जळकट वास आत येतोय म्हणजे तोही येतोय.

एक तपासणी प्रत्येकाने घरीच करावी. थंड इंजिनाची ऑईल काडी काढून हुंगा. ऑईलला पेट्रोलचा वास आणि पातळी खुणेच्या वर असेल, तर जुन्या गाडीत इंजिनावरच्या पेट्रोल पंपाचा डायफ्राम (आतला रबरी पडदा) फाटला असण्याची शक्यता मोठी. पेट्रोल ऑईलमध्ये उतरून ऑईल पातळ होतं आणि तसंच चालवलं तर बेअरिंग जातात. डायफ्रामचा खर्च किरकोळ, इंजिनाचा नाही.

ओम्नीवाल्यांसाठी

ओम्नीचं इंजिन पुढच्या सीटखालीच आहे, म्हणून दुसऱ्या गाडीत बाहेर राहणारा वास इथे थेट मांडीखाली येतो. इंजिनाच्या झाकणाचं रबर फाटलेलं असेल आणि चारांपैकी दोनच क्लिपा लागत असतील, तर आधी ते करून घ्या. मात्र रबर नवं लावल्याने गळती थांबत नाही, फक्त कळेनाशी होते, त्यामुळे दोन्ही कामं एकदम. गॅसवर चालणाऱ्या गाडीत कुजकट वास आला तर तो पेट्रोलचा नव्हे, गॅसमध्ये मुद्दाम मिसळलेल्या द्रव्याचा असतो. सिलिंडरचा कॉक बंद करा आणि परवानाधारक गॅस किट फिटरकडे जा. घरगुती सिलिंडर बसवलेल्या गाडीला आम्ही हात लावत नाही.

पाईप जुने, पेट्रोल नवं

आपल्या बेळगाव जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांचं इथेनॉल आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत मिसळलेलं असतं. एप्रिल २०२३ पासून बनलेल्या गाड्यांचे रबराचे भाग त्याला चालतील असे असतात. के.ए. २२ किंवा २३ ची, म्हणजे बेळगाव-चिकोडी नोंदणीची वीस-पंचवीस वर्षांची गाडी त्याआधीची आहे. तिच्या मूळ रबराला इथेनॉल मानवतंच असं नाही, ते फुगतं, मऊ पडतं, नाही तर भेगाळतं. शिवाय इथेनॉल पाणी ओढून घेतं, आणि खानापूर-जांबोटीकडच्या पावसात बरेच दिवस उभ्या राहिलेल्या गाडीची लोखंडी टाकी आतून गंजते. उंदरांचा उपद्रव वेगळाच. उसाचे फड मोकळे होऊ लागले की ते गोठ्यातल्या उबदार बॉनेटखाली येऊन पाईप कुरतडतात.

म्हणून पंधरा वर्षांनंतर नोंदणीच्या नूतनीकरणाला गाडी नेण्याआधी पेट्रोलचे सगळे रबरी पाईप आणि क्लिपा एकदम बदलून घ्या, असं आमचं स्पष्ट मत आहे. एकेक बदलत बसलात तर उरलेला जुना पाईप पुढच्या महिन्यात फुटतो. पाईप पेट्रोलसाठी बनवलेलाच हवा. पाण्याची पारदर्शक नळी आणि बाइंडिंग तार आम्ही लावत नाही. एमपीएफआय गाडीत पेट्रोलचा दाब चाकातल्या हवेपेक्षा जास्त असतो, तिथला जोड घरी सोडवू नका. फवारा थेट तोंडावर येतो.

टाकीला बारीक भोक पडलं आणि तुम्ही वाटेत अडकलात तर कपड्याचा साबण मळून दाबून लावा, थेंब थांबले तर तो गॅरेजपर्यंत टिकतो. पुढे मात्र टाकी उतरवायलाच लागते. ‘रिकामी आहे की, मार वेल्डिंग’ असं कुणी म्हणालं तर तिथून गाडी काढा. रिकाम्या टाकीत वाफ आणि हवा दोन्ही असतात, भरलेल्या टाकीपेक्षा ती जास्त धोक्याची. पेट्रोल काढायचं काम आम्ही खड्ड्यावर न करता मागच्या उघड्या जागेत करतो, म्हणून पाऊस लागला तर एखादा दिवस थांबायला लागेल.

तपासणीचे पैसे आधी सांगू, दुरुस्ती इथेच केलीत तर ते बिलातून वजा होतील. काढलेले जुने पाईप आणि पार्ट पिशवीत घालून परत देऊ, घरी वाकवून बघा. गाडी शक्यतो सकाळी, रात्रभर उभी असलेली, इंजिन थंड असताना दाखवा. टाकी उतरवायची शक्यता असेल तर येताना पेट्रोल भरू नका, पावपेक्षा कमी असलेलं बरं.